लायनर बदलल्यावर ब्रेक खाली जातोय? परत एअर काढायच्या आधी हे करून बघा

घरी ब्रेकचं काम केलं, चाकं चढवली, जॅक काढला, सीटवर बसून पेडल दाबलं आणि पाय थेट खाली मॅटपर्यंत गेला, की पोटात गोळाच येतो. माझ्या बाबतीत हे झालंय आणि त्यात माझा एक अख्खा रविवार आणि ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या गेल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझी गाडी साधी हॅचबॅक आहे, पुढे डिस्क (तिला कॅलिपरमधले पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात), मागे ड्रम (त्याला आतून शूवरचे लायनर टेकतात), आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना हेच असतं, त्यामुळे तेच धरून सांगतो.

सगळ्यात आधी एक सांगतो. पेडल कडक होत नाही तोवर गाडी गेटच्या बाहेर काढायची नाही. दोन पंप मारले की लागतोय ना, मग चालवू हळूहळू, असं करू नका, समोर अचानक एखादं पोरगं आलं तर दुसरा पंप मारायला वेळ मिळत नाही.

आता नवीन पॅड टाकताना आपण कॅलिपरचा पिस्टन मागे दाबतो, त्यामुळे काम झाल्यावर पहिल्यांदा पेडल खाली जाणारच, हा फॉल्ट नाही. जागेवर उभ्या गाडीत सावकाश आठ-दहा वेळा पेडल मारा, पिस्टन पुढे येऊन पॅड डिस्कला टेकतात आणि पेडल वर येतं. तेवढं करूनही मऊच राहिलं तर पुढचं वाचा.

पाना हातात घ्यायच्या आधी शांतपणे आठवा, आपण नक्की काय काय उघडलं होतं. फक्त पॅड किंवा लायनर बदलले, एकही निप्पल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) ढिला केला नाही, कुठला पाइप सोडला नाही, ऑइलची टाकी रिकामी होऊ दिली नाही, तर सिस्टीममध्ये हवा शिरायला वाटच नाही (ड्रम काढलेला असताना कुणी पेडल दाबलं तर शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर निसटतात, तेवढी एक वाट सोडून). आणि वाटच नाही तर हवा काढण्यात वेळ का घालवायचा. पण ब्रेक मऊ म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या तोंडात पहिला शब्द येतो एअर, आणि लगेच बाटली-नळी शोधायला लागतो.

मी तेच केलं. पुढचे पॅड, मागचे लायनर आणि नवीन ऑइल असं सगळं एकाच दिवशी काढलं होतं. पेडल अर्ध्याच्या खाली जाऊन लागायचं. पुतण्याला सीटवर बसवलं, मी खाली, दाब, धर, सोड, दाब, धर, सोड, चारी चाकं फिरून झाली, परत पहिल्यापासून, परत एकदा. तिसऱ्या फेरीला पारदर्शक नळीत मोहरीएवढा सुद्धा बुडबुडा दिसत नव्हता, स्वच्छ पिवळसर ऑइल येत होतं, आणि पेडल तिथल्या तिथे. संध्याकाळी शेजारचे काका आले, त्यांचं आयुष्य गॅरेजमध्ये गेलंय. त्यांनी पान्याला हात लावला नाही. सीटवर बसले, हँडब्रेक जोरात वर ओढला, पेडल एकदा दाबलं, आणि उठून मला म्हणाले, बस, आता तू दाब. दाबलं तर पेडल वरच, एकदम कडक. काका म्हणाले, "एअर नाही रे ही. मागचे लायनर ड्रमपासून लांब राहिलेत."

मागे ड्रम असेल तर ही हँडब्रेकची टेस्ट पहिली करा, फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटात होते. हँडब्रेक ओढला की केबल मागचे शू पसरवून ड्रमला टेकवते, म्हणजे मधली फट निघून जाते. आता पेडल वर आलं, तर ती फट भरायलाच पेडलचा प्रवास खर्च होत होता. काहीच फरक पडला नाही तर मागचं ॲडजस्टमेंट सोडून द्या, दुखणं दुसरीकडे आहे.

एवढ्याशा फटीने एवढा फरक कसा पडतो हे मला आधी पटत नव्हतं, म्हणून नंतर कागदावर मांडलं. व्हील सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, १९ मिमी धरा. त्याचे दोन्ही पिस्टन एकेक मिलिमीटर जास्त सरकायला लागले, असे दोन्ही चाकांचे मिळून चार पिस्टन, तर साधारण १.१ सीसी ऑइल जास्त लागतं. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलतो तो) बोअर २० मिमी धरला तर तेवढ्या ऑइलसाठी त्याला साडेतीन मिमी जास्त सरकावं लागतं, आणि पेडलचा लिव्हर रेशो (पिस्टनपेक्षा पाय किती पट सरकतो) ४ धरला तर पायाला तेच जवळजवळ दीड सेंटीमीटर होतं. मागे एक मिलिमीटर, पायाखाली दीड सेंटीमीटर! तुमच्या गाडीचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण हिशोब हाच.

शू ॲडजस्ट करताना एक चूक फार जण करतात. लायनर लांब आहेत असं कळलं की सरळ आत सीटमधून हँडब्रेकची केबल टाइट करतात. पेडल थोडं वर आल्यासारखं वाटतं सुद्धा, पण केबल आधीच ओढलेली असली की शू मागे आपल्या जागेवर पूर्ण बसत नाही, मग आतला ऑटो ॲडजस्टर (लायनर झिजतील तसे शू पुढे सरकवणारा) नीट काम करत नाही आणि पुढे लायनर घासत राहून ड्रम तापतो. म्हणून केबल आधी ढिली करायची, मग शू ॲडजस्ट करायचे, आणि केबल सगळ्यात शेवटी. जिथे दात्यांचं चाक असतं तिथे मागच्या प्लेटच्या भोकातून चपटा स्क्रूड्रायव्हर घालून फिरवायचं, ड्रम हाताने फिरवत बघायचं, किंचित घासल्याचा आवाज आला की थांबायचं. काही गाड्यांत ड्रम चढवल्यावर पेडल बऱ्याचदा जोरात दाबून ॲडजस्टर आपोआप पुढे न्यायचा असतो, आणि काहींत हँडब्रेक परत परत ओढून. तुमच्या गाडीत कुठलं आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने नको. आणि डावीकडचा-उजवीकडचा ॲडजस्टर अदलाबदल झाला नाही ना ते बघा, दात्यांच्या चाकाचे आटे बहुतेक दोन बाजूंना उलटे असतात, चुकून बदलला तर ब्रेक मारताना शू जवळ यायच्या ऐवजी लांब जातात. म्हणून दोन्ही ड्रम एकदम कधी उघडू नका, एक उघडा, दुसरा बघायला तसाच राहू दे. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो, ड्रम त्याच्यापुढे घासला असेल तर नवीन लायनर टाकूनही जमणार नाही, ड्रमच बदला.

आता समजा हँडब्रेकने फरक पडला नाही. मग इंजिन बंद करून पेडल पटापट तीन-चार वेळा मारा आणि शेवटी धरून ठेवा. पेडल दर पंपाला वर येतं पण पायाखाली स्पंज दाबल्यासारखं लवचिक लागतं, तर बहुतेक हवाच आहे. वर येऊन दगडासारखं कडक होतं आणि जरा वेळाने पहिल्यांदा दाबल्यावर परत खाली जातं, तर कुठेतरी फट आहे, हवा नाही. आणि वर येतं पण धरून ठेवल्यावर हळूहळू, न थांबता पायाखालून बुडत जातं, तर ऑइल कुठूनतरी निसटतंय. ही तीन वागणं वेगळी ओळखता आली की निम्मं काम झालं. घाई करू नका, एकेक टेस्ट दोनदा करा, बूट काढून केलीत तर अजून बरं समजतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो कारण तिच्यामुळे उगाच घाबरायला होतं. बंद गाडीत पेडल पंप करून कडक केलं, पाय तसाच ठेवून गाडी चालू केली की पेडल थोडं खाली जातं. हे बरोबर आहे, बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम मिळाला आणि त्याने मदत केली एवढाच त्याचा अर्थ. थोडं जाऊन थांबलं पाहिजे, बुडत राहता कामा नये.

स्पंजसारखं लागत असेल तर हवा काढायचीच आहे, पण आधी निप्पल कुठे आहे ते बघा. कॅलिपरचा निप्पल वरच्या बाजूला पाहिजे. हवा वर चढते, निप्पल खाली असेल तर तुम्ही दिवसभर ऑइल काढत बसा, वरचा बुडबुडा तिथेच राहणार. असं होतं कधी, तर दोन्ही कॅलिपर एकाच वेळी सील बदलायला काढले आणि बसवताना डावा उजवीकडे गेला. बऱ्याच गाड्यांत तो तिकडे व्यवस्थित बसतो सुद्धा, बोल्ट लागतात, काही चुकलंय असं वाटतच नाही. माझ्या मेव्हण्याकडे हेच झालं होतं, फोनवर त्याला एवढंच विचारलं की निप्पल आकाशाकडे आहे का जमिनीकडे.

हवा काढताना टाकीकडे लक्ष ठेवायला एक माणूस वेगळा असला तर उत्तम. ऑइल मिनिमम रेघेच्या खूप खाली गेलं की मास्टर सिलिंडर हवा ओढतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मी दर पाच-सहा दाबांनंतर टाकी भरतो. पद्धत साधी आहे, सीटवरच्याने पेडल सावकाश दाबून धरायचं, खालच्याने निप्पल पाव फेरी उघडायचा, पेडल खाली जातं, निप्पल बंद, आणि बंद म्हटल्यावरच पाय उचलायचा. दोघांनी शब्द ठरवून घ्या आणि प्रत्येक वेळी मोठ्याने बोला, कारण निप्पल उघडा असताना पाय उचलला तर बाहेरची हवा आत. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं पाहिजे. निप्पल आतून पोकळ असतो, जोर लावून आवळलात तर तुटतो, म्हणून शक्यतो रिंगपाना वापरा आणि बेताने आवळा. चाकांचा क्रम साधारण मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू होतो, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, पण खूप छोट्या गाड्यांत ब्रेकच्या लाइन तिरक्या असतात, मागचं डावं आणि पुढचं उजवं एका लाइनवर, तिथे मॅन्युअलमधला क्रम पाळा.

एकट्याने व्हॅक्यूम पंपाने हवा काढत असाल तर नळीत बारीक बारीक बुडबुडे येतच राहतात, थांबत नाहीत. ते बऱ्याचदा निप्पलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते त्याचे असतात. त्यामागे धावू नका, शेवटचे चार दाब पेडलने मारून खात्री करा.

पेडल दाबताना अजून एक काळजी, गाडी जुनी असेल तर पेडल पूर्ण खाली तळापर्यंत जाऊ देऊ नका. रोजच्या चालवण्यात मास्टर सिलिंडरचा पिस्टन एका ठरावीक टप्प्यातच फिरतो, त्याच्या पुढच्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि घाण साचलेली असते, हवा काढताना आपण तळापर्यंत दाबतो आणि रबरी सील त्या खडबडीत भागावरून घासून कापलं जातं. काल बरा असलेला मास्टर सिलिंडर आज अचानक गेला, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. पेडलच्या खाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा, झालं.

पेडल बुडत जात असेल तर आधी बाहेरचं लीक शोधा. टॉर्च लावा आणि प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा. कॅलिपरचा पाइप ज्या पोकळ बोल्टने बसतो त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात, ते जुनेच लावले असतील तर तिथून हमखास झिरपतं, नवीन टाका, किंमत काहीच नसते. मागे ड्रम काढून व्हील सिलिंडरचं रबरी टोपण जरा उचला, आत ओलं दिसलं तर सिलिंडर गेलाय. पिस्टन निसटल्याचं वर म्हटलं, ते झालं असेल तरी इथेच कळतं, म्हणून ड्रम उघडा असताना पोरांना गाडीत बसू देऊ नका. सगळीकडे कोरडं आहे, टाकीतली लेव्हल जराही उतरत नाही, हवा नाही, तरीही पेडल बुडतं, तर मास्टर सिलिंडरच्या आत ऑइल सीलला वळसा घालून परत मागे जातंय. तो बदलायचा, आणि नवीन बसवताना गाडीवर चढवायच्या आधी व्हाइसमध्ये धरून त्याच्यातली हवा काढून घ्यायची.

हवा नक्की कुठल्या चाकाकडे आहे ते कळत नसेल तर गॅरेजवाले रबरी होसला क्लॅम्प लावून एकेक चाक बंद करून बघतात, ज्याला बंद केल्यावर पेडल कडक होतं तिथे दुखणं. घरी करायचं तर होससाठी मिळणारा गोल दांड्याचा क्लॅम्पच वापरा, पकडीने दाबू नका, आतला थर फाटतो. होस दहा-बारा वर्षांचे असतील तर क्लॅम्प लावूच नका. त्यापेक्षा कुणालातरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि होसवर हात ठेवा, फुगताना जाणवला तर तोच बदला.

काही कारणं अशी आहेत जी ब्रेक ऑइलशी संबंधितच नाहीत. पॅड ब्रॅकेटच्या खाचेत नीट बसला नाही, स्लाइड पिन अडकलीय आणि कॅलिपर तिरका दाबतोय, किंवा डिस्क बसवताना हबवरचा गंज घासला नाही आणि डिस्क किंचित वाकडी बसली, अशा वेळी पण पेडल मऊ किंवा लांब लागतं. वाकड्या डिस्कची खूण म्हणजे, जरा अंतर चालवल्यावर पहिल्यांदा ब्रेक खोल जातो आणि लगेच दुसऱ्यांदा दाबला तर बरोबर लागतो, कारण फिरताना डिस्क पिस्टनला मागे ढकलत राहते. व्हील बेअरिंगमध्ये ढिलेपणा (प्ले) असेल तरी तसंच होतं. जुन्या, खाचा पडलेल्या डिस्कवर नवीन पॅड टाकले तर सुरुवातीला थोडं मऊ लागणं साहजिक आहे, ते शे-दोनशे किलोमीटरमध्ये सुधारतं, पण पेडल बुडत असेल तर ते बसेल हळूहळू असं म्हणून सोडून देऊ नका.

ऑइलबद्दल मला कळकळीने सांगायचंय. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल यातलं काहीही लावू नका, पिस्टन धुवायला सुद्धा नाही. ही रबरं खनिज तेलाने फुगतात, आणि चुकून टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल पडलं तर सगळी सीलं, होस, सगळं बदलावं लागतं. धुवायला ताजं ब्रेक ऑइलच. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच भरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळत नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलला जातो. आणि मागच्या पावसाळ्यात उघडलेली अर्धी बाटली वापरू नका, हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावरच्या चाचणीत किमान १५५, आणि डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४०. त्यामुळे गावात पेडल ठीक लागतं, पण पाचगणीहून पसरणी घाट उतरताना वाई यायच्या आत मऊ व्हायला लागतं, ती हवा नसते, ऑइल उकळून झालेली वाफ असते, थंड झाल्यावर पेडल परत बरं होतं आणि माणसाला वाटतं काही नव्हतं. अशा वेळी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून बाजूला घ्या, थंड होऊ द्या, आणि घरी आल्यावर ऑइल पूर्ण बदला.

एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, गाडीत (एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नवीन गाड्यांना ते सक्तीचंच आहे) टाकी पूर्ण रिकामी झाली किंवा एबीएसच्या युनिटचा पाइप सोडला, तर आतल्या व्हॉल्व्हमध्ये हवा अडकू शकते. ती नुसत्या पेडलने बऱ्याचदा निघत नाही, स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. इथे घरी तास घालवू नका, ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्याला बोलवा, गाडी ओढून न्यावी लागली तरी न्या.

पेडल कडक लागलं की बंद गाडीत अर्धा मिनिट जोरात दाबून धरा, आणि चालू करून परत अर्धा मिनिट. मग पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगाने चार-पाच वेळा थांबवून बघा, हँडब्रेकवर हात ठेवून. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा हळू करा, मधे मधे थंड होऊ द्या, पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. त्या रात्री चारी चाकांच्या आतल्या बाजूला जुना पेपर अंथरा आणि ऑइलच्या टाकीवर लेव्हलला मार्करने रेघ मारा. सकाळी पेपर कोरडा आहे का आणि ऑइल रेघेवर आहे का ते बघून मगच ऑफिसला गाडी काढा, आणि आठ दिवसांनी बॉनेट उघडून ती रेघ परत एकदा बघा.